चकतीभोवती रचलेली सायकल

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला यायचं, तर उंची साधारण पावणेसहाशे मीटरने कमी होते. तुम्ही, तुमची सायकल आणि पाण्याच्या दोन बाटल्या मिळून ८५ किलो वजन धरू. चढताना पायांनी घाम गाळून कमावलेली ऊर्जा आता परत करायची आहे, आणि ती किती आहे? सुमारे ४८० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेवर दीड लिटर पाण्याला आधण येईल! खाली कृष्णाकाठी ढोल्या गणपतीपाशी तुम्ही सायकल टेकवून उभे राहता, तेव्हा त्यातला एक ज्यूलही तुमच्यापाशी उरलेला नसतो. मग ती गेली कुठे?

काही हवेने घेतली, थोडी टायरांनी घेतली. उरलेली सगळी ब्रेकने घेतली आणि तिची उष्णता केली. ब्रेक वेग ‘कमी करतो’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर ब्रेक ऊर्जेचं रूपांतर करणारं यंत्र आहे, आणि सायकलवरच्या सगळ्या यंत्रांत सर्वांत ताकदवान तेच आहे. पटत नाही? एका वळणाआधी ताशी ५० किलोमीटरचा वेग तुम्ही तीन सेकंदांत २० वर आणलात, तर त्या तीन सेकंदांत ब्रेक साधारण २,३०० वॉटने काम करत असतात. चांगला सराव असलेला हौशी सायकलस्वार तासभर पायांनी देऊ शकतो सुमारे २०० वॉट. दोन बोटांच्या दाबाने तुम्ही पायांच्या अकरापट ताकद चालवलीत!

आता एक कोडं. पाच टक्के उतारावर एकाच वेगाने खाली यायचं असेल, तर कोणत्या वेगाला ब्रेक सर्वांत जास्त तापतील? बहुतेकांचं उत्तर असतं, सर्वांत जास्त वेगाला. हिशेब करून पाहू. ब्रेकला हातच लावला नाही, तर आपल्या ८५ किलोंचा वेग वाढत वाढत ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तिथे उताराची ओढ आणि हवेचा विरोध बरोबरीत येतात, ब्रेकला करायला कामच उरत नाही. ताशी १० ने रखडत उतरलात, तर दर सेकंदाला उतरलेली उंचीच इतकी थोडी असते की ब्रेकच्या वाट्याला जेमतेम १०० वॉट येतात. कमाल ताप पडतो तो मधे कुठेतरी, ताशी २८ च्या आसपास. तिथे ब्रेकवर १९० वॉटच्या पुढे भार असतो. आणि घाटात बिचकलेला नवखा सायकलस्वार ब्रेक अर्धवट दाबून धरून नेमका याच वेगाने उतरत राहतो! घाटातले मुरलेले लोक वळणाआधी ब्रेक जोरात दाबतात आणि मग पूर्ण सोडून देतात, त्यामागे हे गणित आहे. ब्रेक सुटलेला असताना हवा फुकटात काम करते आणि ब्रेकला निवायला वेळ मिळतो.

तर एवढी उष्णता निर्माण होणार, हे ठरलेलंच. प्रश्न इतकाच की ती सायकलच्या कोणत्या भागात निर्माण व्हावी? डिस्क ब्रेकची रोड बाइक घ्यायला दुकानात गेलात की तुम्ही प्रत्यक्षात या प्रश्नाचं उत्तर विकत घेत असता. आणि या एका उत्तराने फ्रेम, फोर्क, चाकांच्या तारा, आस, टायर असं सगळं कसं बदलून टाकलं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी जुन्या ब्रेकला न्याय देऊ. आजोबांच्या काळ्या सायकलीचे सळयांचे ब्रेक असोत की रेसच्या सायकलीचे केबलचे, दोन्हींत रबराचे गुटके थेट रिमवर दाबले जातात. म्हणजे रिम हीच चकती! आणि केवढी मोठी चकती, साठ सेंटिमीटरहून जास्त व्यासाची. चाकाच्या काठाशी पकड घेतली की थोड्या ताकदीत काम होतं, हे कुणालाही समजतं. मग शहाण्यासुरत्या अभियंत्यांनी ही आयती, फुकटची, प्रचंड चकती सोडून चाकाच्या मध्यापाशी अवघ्या १६० मिलिमीटर व्यासाची दुसरी चकती का बसवली? हिशेबाने हा वेडेपणा वाटतो. जोरात ब्रेक मारताना रिमवर साधारण ४६ किलो वजनाइतकी ओढ पुरत असेल, तर चकती लहान झाल्यामुळे तिच्यावर तीच ओढ २०० किलो वजनाच्या घरात जाते. चौपटीहून जास्त!

या वेडेपणामागचं पहिलं कारण आपल्याला जूनमध्ये कळतं. रिम रस्त्यापासून बोटभर अंतरावर फिरते. डबक्यातलं पाणी, चिखल, वाळूचे कण सगळं तिच्यावर येतं. ओल्या रिमवर गुटका दाबला की आधी त्याला पाण्याचा थर पुसावा लागतो. ताशी ३० च्या वेगात चाक सेकंदाला चार फेरे घेतं, आणि पाणी पुसण्यात एक सेकंद गेला तर तेवढ्यात तुम्ही आठ मीटर पुढे गेलेले असता. पुढे एस.टी. थांबलेली असेल तर हे आठ मीटर फार महत्त्वाचे आहेत. शिवाय गुटक्यात रुतलेली वाळू पावसाळाभर रिम घासत राहते, आणि रिम झिजली म्हणजे अख्खं चाक झिजलं. चकती मात्र चिखलापासून उंचावर असते. तिच्यावरची भोकं, तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडखालून सरकताना, पाणी आणि भुकटी बाहेर काढतात, आणि झिजलीच तर ती सुटी काढून बदलता येते.

दुसरं कारण मला जास्त चकित करतं. डिस्क ब्रेक कमी तापतो, असा अनेकांचा समज आहे. तो कितीतरी जास्त तापतो! पुढच्या चकतीचं वजन साधारण १२० ग्रॅम. वर सांगितलेल्या त्या एका वळणापुरत्या ब्रेकनेच तिचं तापमान साठ-सत्तर अंशांनी चढतं. लांब उतारावर ती काही शे अंशांपर्यंत जाते, कधी कधी पोलादावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढून निळ्या-सोनेरी छटा उमटतात. अॅल्युमिनियमच्या रिममध्ये धातू भरपूर, पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ती इतकी तापत नाही. पण रिमच्या आत काय असतं? हवेने ठासलेली ट्यूब. रिम तापली की ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो, आणि लांब घाटात टायर फुटण्याची भीती खरी ठरू शकते. कार्बनच्या रिमचं दुखणं आणखी वेगळं. कार्बनचे धागे ज्या राळेने बांधलेले असतात ती राळ ठरावीक तापमानापुढे मऊ पडते. चकतीला यातली कसलीच चिंता नाही. ती मोकळ्या हवेत फिरते, आणि जितकी जास्त तापते तितकी झपाट्याने उष्णता टाकते, कारण आजूबाजूच्या हवेशी तिच्या तापमानातला फरक वाढत जातो.

ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला फ्रेडरिक लँचेस्टर या मोटार-अभियंत्याने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. त्याचे पॅड तांब्याचे होते. ते धातूच्या चकतीवर घासताना किंचाळायचे, धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजायचे. कल्पना बरोबर होती, घासायला योग्य पदार्थ सापडायचा होता. मग ती विमानांच्या चाकांत गेली, तिथून रेसच्या मोटारींत. १९५३ ची ल माँ येथील २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइप मोटारीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, आणि ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरी त्या शर्यतीत प्रथमच गाठली गेली. चांगला ब्रेक मोटारीला हळू करतो की वेगवान? थांबता येतं याची खात्री असली की माणूस वळणाच्या अधिक जवळ जाईपर्यंत वेग धरून ठेवतो. म्हणून वेगवान!

सायकलींत डिस्क ब्रेक आधी डोंगरातल्या माउंटन बाइकवर रुजला. रोड बाइकवर द्रवाच्या दाबाने चालणारे चांगले डिस्क ब्रेक आले २०१३ च्या सुमारास. वाकड्या हँडलच्या त्या इवल्याशा लिव्हरमध्ये गिअर बदलायची यंत्रणा आधीच खचाखच भरलेली होती, तिच्याच शेजारी तेलाची टाकी आणि पंप बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. व्यावसायिक शर्यतींत मात्र वाद पेटला. २०१६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीत जखमी झालेल्या फ्रान व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूने आपला पाय चकतीने कापला असं म्हटलं, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतींत चालू असलेली डिस्क ब्रेकची चाचणीच थांबवली. पुढे चकत्यांच्या कडा गोलसर करायला लावल्या, चाचणी परत सुरू झाली, आणि २०१८ च्या जुलैमध्ये पक्की परवानगी मिळाली. तरीही २०१९ ची टूर द फ्रान्स एगान बर्नालने रिम ब्रेकवरच जिंकली, हे सांगितलं पाहिजे. घरात चांगली रिम ब्रेकची सायकल असेल तर केवळ ब्रेकपायी ती विकायची काही गरज नाही.

आता मूळ गंमत. चकती मध्यावर आणली की ताकदीचा सगळा मार्गच बदलतो. रिम ब्रेकमध्ये ताकद कशी जाते? रस्त्याने टायर मागे ओढला, टायरने रिम, रिमने गुटका, गुटक्याने फोर्कचा माथा. संपलं. चाकाच्या तारा आणि चाकाच्या मध्यावरचा हब या सगळ्यात जवळपास प्रेक्षक असतात. म्हणून रेसच्या सायकलींच्या पुढच्या चाकात तारा हबपासून रिमपर्यंत सरळ, त्रिज्येसारख्या नेलेल्या दिसायच्या. दिसायला देखण्या आणि वजनाला हलक्या.

डिस्कमध्ये पकड हबवर आहे. रस्ता रिमला फिरवत राहायला बघतो, ब्रेक हबला थांबवायला बघतो, आणि या रस्सीखेचीत मधे सापडतात त्या दोन मिलिमीटर जाडीच्या तारा. त्या सरळ त्रिज्येत असतील तर काय होईल? तार ताणली जाते तेव्हा फार बळकट असते, पण आडव्या दिशेने तिच्यात काहीच जोर नसतो. हब आतल्या आत थोडा फिरेल, तारा तिरक्या होतील आणि मगच पकडतील. दर वेळी ब्रेक मारला की हेच, आणि काही दिवसांत तारा तुटायला लागतील. उपाय असा, की तारा आधीपासूनच तिरक्या, हबला स्पर्शून निघाल्यासारख्या आणि एकमेकींना छेदत जाणाऱ्या ठेवायच्या. मग हब फिरायला गेला की निम्म्या तारा लगेच अधिक ताणल्या जातात आणि पीळ रिमपर्यंत पोचवतात. हा उपाय कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्येच पेटंट करून ठेवला होता! तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न पेडलचा पीळ रिमपर्यंत नेण्याचा होता. दीडशे वर्षांनी तीच रचना उलट दिशेच्या पिळासाठी पुढच्या चाकात आली. दुकानात डिस्कच्या सायकलीच्या पुढच्या चाकाजवळ वाका आणि पाहा, तारा एकमेकींना छेदून गेलेल्या दिसतील.

फोर्ककडेही पाहा. चकती डाव्या बाजूला आहे, कारण मागच्या चाकाची उजवी बाजू चेन आणि गिअरच्या चक्रांनी व्यापलेली, आणि पुढचं चाकही त्याच बाजूची रीत पाळतं. म्हणजे ब्रेकची सगळी ओढ फोर्कच्या एकट्या डाव्या पायावर, आणि तीही खालच्या टोकाला, जिथे जुने फोर्क निमुळते होत जायचे. म्हणून नव्या फोर्कचा डावा पाय आतून अधिक मजबूत करावा लागतो. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलीला नंतर डिस्क बसवून घेऊ, असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. त्या फोर्कने ही ओढ कधी गृहीतच धरलेली नसते.

आणि आता जे सांगणार आहे ते समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो. पुढच्या फोर्कवर कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारा भाग, पायाच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो. सायकल पुढे जाताना चकतीचा तिथला भाग खालून वर सरकत असतो. ब्रेक मारला की चकती कॅलिपरला वर ओढते. न्यूटनच्या नियमाने कॅलिपर चकतीला, आणि तिच्यासह अख्ख्या चाकाला, तितक्याच जोराने खाली ढकलतो. किती जोराने? मघाच्या हिशेबाने सुमारे २०० किलो वजनाइतक्या. रस्ता चाकाला वर ढकलतो तो फार तर ८५ किलोंनी. म्हणजे जोरात ब्रेक मारताना चाक फोर्कमधून निसटून खाली पडायला बघत असतं! जुन्या फोर्कच्या टोकाच्या खाचा कुठे उघड्या असतात? बरोबर, खाली. चाक चटकन काढता यावं म्हणून. त्या खाचांत चाक धरून ठेवायला एका आवळणाऱ्या खिट्टीचाच काय तो आधार.

यावरचं उत्तर म्हणजे थ्रू-अॅक्सल. उघड्या खाचेऐवजी बंद भोक आणि त्यातून आरपार जाणारी १२ मिलिमीटर जाडीची आस. ती आटे फिरवून बसते. आता चाक कितीही खाली ढकललं तरी जाणार कुठे? शिवाय दर वेळी चाक नेमकं त्याच जागी बसतं, आणि चकती व पॅड यांच्यामध्ये दोन्हीकडे केसाएवढीच फट असल्यामुळे ते आवश्यकच आहे. स्वस्तातल्या काही सायकलींवर डिस्क ब्रेक असतो पण आस जुन्या पद्धतीची, खिट्टीने आवळायची. तशी सायकल चालत नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर पैसे मोजताना थ्रू-अॅक्सलसाठी जरूर हट्ट धरा. फ्रेमवरची ही गोष्ट नंतर बदलता येत नाही.

आता बोटाच्या दाबातून २०० किलोंची ओढ येते कुठून, ते पाहू. ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब द्रवात सगळीकडे तितकाच पोचतो, हे त्यात आहे. लिव्हरमध्ये छोटा दट्ट्या, कॅलिपरमध्ये मोठा दट्ट्या, मधे तेल. मोठ्या दट्ट्याचा व्यास दुप्पट असला तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून ताकद चौपट. लिव्हर स्वतः तरफ आहे, ती बोटांची ताकद आधीच चारपाच पटींनी वाढवते. दोन्हींचा गुणाकार करा. बोटांनी दहा किलोंइतका जोर लावला तर प्रत्येक पॅडमागे दोनशे किलोंच्या आसपास दाब तयार होतो. केबलप्रमाणे इथे वळणावळणांत घासून ताकद वाया जात नाही. नळी फ्रेमच्या पोटातून कशीही वळवा, तेलाला फरक पडत नाही.

पण ताकद वाढली की अंतर घटतं, हा सृष्टीचा कर. म्हणूनच पॅड चकतीच्या इतके जवळ ठेवावे लागतात. आता विचार करा : ब्रेक सोडल्यावर पॅड मागे कसे जातात? आणि पॅड झिजत गेले तरी फट तेवढीच कशी राहते? केबलच्या ब्रेकला दर काही आठवड्यांनी स्क्रू फिरवून ताण वाढवावा लागायचा. इथे तर स्क्रूही नाही!

हे काम करते एक रबराची कडी. दट्ट्याभोवती तिला खाचेत बसवलेलं असतं आणि तिचा छेद गोल नसून चौकोनी असतो. दट्ट्या पुढे सरकताना कडीचा आतला काठ त्याला चिकटून राहतो, बाहेरचा काठ खाचेत अडकलेला असतो, त्यामुळे कडी किंचित मुरडते. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात परतायला बघतं आणि येताना दट्ट्याला आपल्याबरोबर मागे ओढून आणतं. एवढीच हालचाल, मिलिमीटरच्या काही दशांशांची. पॅड झिजला की दट्ट्याला कडीच्या मुरडण्याहून थोडं पुढे जावं लागतं. मग तो कडीतून घसरून तेवढाच पुढे जातो आणि परत येताना कडी त्याला ठरलेलं तेवढंच अंतर मागे आणते. झीज आपोआप भरून निघाली! तेलाची जादा गरज लिव्हरमधली टाकी भागवते. तुमच्या मोटारीत, मोटारसायकलीत हीच कडी आयुष्यभर निमूट काम करत असते.

तेलाच्या बाबतीत दोन घराणी आहेत. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉट प्रकारचा द्रव. डॉट द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २६० अंश, पाणी शोषल्यावर तो १८० पर्यंत उतरू शकतो. हे वाईट वाटतं ना? पण पाणी त्यात विरघळून सगळीकडे सारखं पसरतं, त्यामुळे घसरण सावकाश होते. खनिज तेलात पाणी विरघळत नाही. चुकून शिरलंच तर जड असल्यामुळे ते सर्वांत खालच्या जागी जाऊन बसतं. आणि ती जागा म्हणजे कॅलिपर, सर्वांत तापणारी! तिथे पाणी शंभर अंशांनाच उकळतं, वाफ होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. लिव्हर थेट हँडलला येऊन टेकते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांनी डॉटचा द्रव नियमाने, वर्षा-दोन वर्षांनी बदलावा, आणि खनिज तेलवाल्यांनीही लिव्हर मऊ लागली तर दुर्लक्ष करू नये. एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचा द्रव कधीही घालू नये, आतली रबरं खराब होतात.

एवढं सगळं ऐकल्यावर डिस्क ब्रेक कोरड्या रस्त्यावर रिम ब्रेकपेक्षा फार कमी अंतरात थांबवत असेल, असं वाटेल. तसं नाही. सायकलस्वाराचा भार उंचावर असतो, त्यामुळे मंदन गुरुत्वत्वरणाच्या साधारण ०.५ ते ०.६ पटींवर गेलं की मागचं चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे जायला लागतो. ही मर्यादा ब्रेकची नसून तुमच्या शरीराच्या उंचीची आहे, आणि चांगला रिम ब्रेकही तिथवर पोचतो. डिस्कने दिलं ते वेगळंच : त्या मर्यादेच्या अलीकडे, कितीही दमलेल्या बोटांनी, भर पावसातही, हवं तितकंच थांबता येणं.

आणि सर्वांत मोठी देणगी तर ब्रेकशी संबंध नसलेली आहे. रिम ब्रेकचे दोन हात टायरला कवेत घेऊन रिमपर्यंत पोचायचे, म्हणून टायर जाड करायला जागाच नसायची. वर्षानुवर्षं रोड बाइकवर २३ मिलिमीटरचे टायर, त्यात दगडासारखी हवा. ते हात गेले आणि फ्रेममध्ये जागा मोकळी झाली. आज २८ मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात आणि लांब पल्ल्याच्या अनेक सायकलींत ३२ किंवा त्याहून जाड टायर मावतात. जाड टायर हळू चालतो, हा जुना समज. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवर तुम्हाला उचलतो, आणि ते उचलणं तुमच्याच पायांच्या कष्टातून येतं. थोडी कमी हवा भरलेला जाड टायर खडीला स्वतःत सामावून घेतो आणि तुम्हाला सरळ पुढे जाऊ देतो. ठिगळांचे रस्ते, गतिरोधकांच्या रांगा, पावसाने उकरलेल्या कडा हे ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांनी ब्रेकच्याही आधी दुकानदाराला विचारावं, ‘या फ्रेममध्ये किती जाडीचा टायर मावतो?’ ३० च्या खालचं उत्तर आलं तर मी दुसरी सायकल पाहीन.

आता निवडीचं थोडक्यात. ‘डिस्क’ एवढं ऐकून थांबू नका. केबलने ओढायची डिस्क आणि तेलाने दाबायची डिस्क यांत मोठा फरक आहे. केबलच्या साध्या ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, तो चकतीला वाकवून पलीकडच्या पॅडवर टेकवतो, आणि झीज हाताने भरून काढावी लागते. दोन्ही पॅड हलणारे केबलचे ब्रेकही मिळतात, ते बरे. केबल कुठल्याही गावात बदलून मिळते, हा तिचा खरा फायदा आहे. दूरच्या एकट्या सफरींसाठी कुणी मुद्दाम ती निवडली तर त्याला नावं ठेवू नयेत. पण ठरावीक पैशांत कार्बनची फ्रेम आणि केबलची डिस्क, किंवा अॅल्युमिनियमची फ्रेम आणि तेलाची डिस्क असा पेच आला, तर मी डोळे मिटून दुसरी घेईन. पुढे १६० मिलिमीटरची चकती असावी. मागे १४० चालते, कारण ब्रेक मारताना भार पुढे जातो आणि मागच्या चाकाला काम कमी उरतं. जड माणसाने मागेही १६० घ्यावी. कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे तेही पाहा. आपल्या मोटारसायकलींवर तो उजव्या हाताला असतो, आणि संकटात बोटं सवयीनेच चालतात. तेलाच्या ब्रेकमध्ये नंतर बाजू बदलायची म्हणजे नळ्या सोडवून तेल भरण्याचा उद्योग. तो दुकानातच करून घ्यावा.

आणि सायकलचं माप. यावर जितका वेळ द्याल तितका थोडा, कारण चुकीच्या मापाच्या सायकलीवर हात ताणलेले असतील तर लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचतच नाहीत. निर्मात्याच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ असे दोन आकडे असतात. पेडलचे दांडे ज्या आसेवर फिरतात तिच्यापासून हँडलच्या नळीचं तोंड किती वर आहे आणि किती पुढे, ते हे आकडे सांगतात. दोन कंपन्यांचं ‘५४’ माप वेगवेगळं निघतं, हे दोन आकडे मात्र सगळीकडे एकाच अर्थाचे असतात.

सायकल घरी आली की पहिल्या दिवशी ब्रेक तुम्हाला निराश करेल. लिव्हर दाबावी आणि सायकल हवी तशी थांबू नये! त्यात बिघाड काही नाही. मोकळा, सपाट रस्ता पाहा. वेग घ्या, मग सावकाश, एकसारखा दाब देत चालण्याच्या वेगापर्यंत या, पण चाक पूर्ण थांबू देऊ नका. प्रत्येक ब्रेकने असं पंधरा-वीस वेळा करा. दर खेपेला पकड वाढत गेलेली बोटांना जाणवेल. या वेळात पॅडमधला पदार्थ तापून चकतीच्या पोलादावर नितळ, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा थर होऊन बसत असतो, आणि पुढे पॅड घासतो तो बराचसा आपल्याच पदार्थावर. खरी पकड त्या थरात आहे. म्हणून चकतीला तेलकट बोट लावायचं नाही, चेनला तेल फवारताना चकती झाकायची, आणि धुऊन देणाऱ्याने चाकांवर पॉलिश मारायची तयारी केली तर त्याला तिथेच अडवायचं. सच्छिद्र पॅडने तेल एकदा प्यायलं की ते बहुधा बदलावेच लागतात. नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की बदलायची. ही मर्यादा बहुतेक चकत्यांवर बारीक अक्षरांत कोरलेली असते.